मिरजेचा कॉम्प्युटर, नोएडाची बोटं

दूर राहणाऱ्या मुलांना आईवडिलांचे फोन कशासाठी येतात? तब्येत, पैसे, लग्नाचा विषय. यात गेल्या काही वर्षांत चौथा विषय आलाय, तो म्हणजे "कॉम्प्युटर चालत नाहीये." तुम्ही घराबाहेर राहात असाल, तर हा फोन तुम्हाला नक्की आला असेल. आणि तो फोनवरून सोडवायचा प्रयत्नही केला असेल. "डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?" "काही नाही दिसत." "अगं, असेल बघ." "तू ओरडू नकोस." संभाषण साधारण असं जातं.

मी नोएडात एका कंपनीत कंटेंट रायटर आहे. शिक्षण इंग्रजीत बीए. त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत माझा अधिकार तुमच्याइतकाच. पण गेल्या हिवाळ्यात सुमारे अडीच महिने मी रोज रात्री नोएडातल्या खोलीत बसून मिरजेतल्या एका कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवल्या. दोन्ही कॉम्प्युटर वेगळ्या जातीचे. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू, बाबांच्या पीसीवर विंडोज १०. त्यांची सोयरीक जमवताना जे काही शिकले, ते इथे लिहितेय.

बाबांचा छोटा छापखाना आहे. बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं, हँडबिलं आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिका. स्क्रीन प्रिंटिंगचं काम. पत्रिका कॉम्प्युटरवर जुळवायची, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर काढायची, तिच्यावरून स्क्रीन तयार करायची आणि मग एकेक कार्ड छापायचं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबा स्कूटरवरून घसरले आणि उजव्या मनगटाला प्लॅस्टर आलं. जुळणीला येणारा मुलगा त्याआधीच कोल्हापूरला नोकरीला लागला होता. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात. ऑर्डरी घेतलेल्या, ॲडव्हान्स घेतलेला. बाबा म्हणाले, यंदा परत करून टाकू. आई माझ्याशी फोनवर बोलताना म्हणाली, "एकदा परत केली की पुढच्या वर्षी कोण येणार?"

तुम्ही म्हणाल, नोएडात बसून फाइल करायची आणि पाठवून द्यायची, त्यात काय एवढं? मलाही ऑफिसात हेच विचारलं गेलं. अडचण अक्षरांची आहे. बाबांचं मराठी डीटीपीचं पॅकेज जुनं, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचं. त्या फॉन्टमध्ये 'क' हा खरा 'क' नसतोच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर क चं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. हे पॅकेज एका डोंगलवर चालतं, म्हणजे यूएसबीला लावलेल्या छोट्या किल्लीवर. किल्ली त्या पीसीत, तरच अक्षरं. शिवाय पंधरा वर्षांच्या पत्रिका तिथेच साठवलेल्या. थोरल्याच्या लग्नात होती तशीच धाकट्याची करा, असं म्हणणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे निम्म्याहून जास्त. तेव्हा पीसी नोएडात आणणं किंवा मी मिरजेत जाणं, हे दोनच मार्ग. निजामुद्दीनहून मिरजेला गोवा एक्स्प्रेसने दीड दिवसाच्या आसपास लागतो, आणि मला रजा होती चार दिवसांची.

तिसरा मार्ग रिमोट डेस्कटॉपचा. दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्याला दिसतो, आणि आपला माउस-कीबोर्ड तिकडे चालतो. हे काही नवं नाही. मायक्रोसॉफ्टने आपली पद्धत १९९८ मध्ये आणली, ती आरडीपी. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत व्हीएनसी नावाची दुसरी पद्धत तयार झाली. दोघींचा स्वभाव वेगळा. व्हीएनसी पडद्याचं चित्र पाठवते, कुठल्याही जातीच्या कॉम्प्युटरला ते कळतं. आरडीपी विंडोजच्या घरातली, त्यामुळे तिथे चपळ. उबुंटूवर रेमिना नावाचं ॲप असतं, ते दोन्ही भाषा बोलतं.

माझी रूममेट बिहारची, सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझा जुना लॅपटॉप विंडोजला झेपेना म्हणून तिनेच त्यावर उबुंटू घातलं होतं. तिने पहिला प्रश्न विचारला, "अंकलजी का विंडोज होम है या प्रो?" आईला सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडायला लावलं. निघालं होम. तिने मान हलवली. विंडोजच्या होम आवृत्तीवरून दुसऱ्या पीसीत शिरता येतं, पण तिच्यात बाहेरून आरडीपीने शिरता येत नाही. ती सोय प्रो आणि त्याच्या वरच्या आवृत्त्यांत. रेमिनात मी कितीही खटपट केली असती तरी उपयोग नव्हता. हे आधी तपासा, दोन संध्याकाळी वाचतील.

ज्यांच्याकडे प्रो आहे त्यांच्यासाठी जाता जाता एक गोष्ट. आमच्या ऑफिसातला एकजण घरून मॅकवरून विंडोजला जोडायला बघत होता आणि पासवर्ड चुकीचा असल्याचं पुन्हा पुन्हा येत होतं. तो चार आकडी पिन टाकत होता. विंडोज उघडताना आपण जो पिन टाकतो तो फक्त त्या यंत्रापुरता असतो. आरडीपीला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, जो बहुतेकांना आठवत नसतो. आणि खात्याला पासवर्डच ठेवला नसेल, तर विंडोज बाहेरच्याला मुळीच आत घेत नाही. आणखी एक, कुणी सांगितलं म्हणून घरच्या राउटरवर ३३८९ नंबरचं पोर्ट उघडं ठेवू नका. हे आरडीपीचं ठरलेलं दार आहे, आणि ते उघडं आहे का हे तपासत फिरणारे जगभर आहेत.

आम्ही शेवटी क्रोम रिमोट डेस्कटॉप घेतलं. ते ब्राउझरमधून चालतं, उबुंटू, विंडोज, मॅक, काही फरक पडत नाही, आणि होमलाही चालतं. यात मदत घेणाऱ्याच्या पडद्यावर १२ आकडी कोड येतो. तो एकदाच वापरायचा, आणि तोही ५ मिनिटांत. आई आकडे वाचायला लागली. आईची पद्धत अशी, की ती आकडे जोडीने वाचते. "त्रेपन्न, सत्त्याऐंशी, एकोणसाठ." एकोणसाठला मी थांबले. दिल्लीत तीन वर्षं काढल्यावर माझे मराठी आकडे गंजलेत. "आई, एकेक सांग ना." "शाळेत पाढे पाठ करून घेतले होते तुझे," मागून बाबा म्हणाले. तेवढ्यात पाच मिनिटं संपली.

दुसऱ्या कोडला पडदा उघडला. बाबांच्या डेस्कटॉपवरचा गणपती, त्याच्या सोंडेवर ठेवलेल्या फाइली, 'नवीन', 'नवीन नवीन', 'हे घेणे' या नावांचे फोल्डर. त्या टेबलापासून साधारण दीड हजार किलोमीटरवर बसून मी बाण हलवला, आणि फोनमधून आईचा आवाज आला, "अगं बाई, आपोआप हलतंय!"

कोडची पद्धत रोजच्या कामाला बरी नाही. दर अर्ध्या तासाने तिकडे पडद्यावर विचारणा होते, शेअरिंग चालू ठेवायचं का, आणि तिथे माणूस लागतो. म्हणून कायमची जोडणी केली. बाबांच्या गुगल खात्यावरून, किमान ६ आकडी पिन ठेवून. माझ्या क्रोममध्ये त्यांच्या खात्याचं वेगळं प्रोफाइल केलं, म्हणजे माझे मेल आणि त्यांचे मेल एकमेकांत मिसळायला नकोत. मग दुसऱ्याच रात्री मी जोडायला गेले, तर कॉम्प्युटर 'ऑफलाइन'.

याची कारणं तांत्रिक कमी आणि घरगुती जास्त असतात, हे मला हळूहळू कळलं. एक तर पीसी झोपतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' काही मिनिटांवर असतं, ते 'नेव्हर' करायचं. झोपलेल्या कॉम्प्युटरला शेकडो मैलांवरून काय आणि शेजारच्या खोलीतून काय, नेटवरून सहज उठवता येत नाही. पडदा बंद झाला तरी चालतो, यंत्र जागं हवं. दुसरं म्हणजे आई. रात्री साडेनऊला ती घरातलं प्रत्येक बटण बंद करून येते, वायफायच्या राउटरसकट. चाळीस वर्षांची सवय. तिसरी वीज. लाइट जाऊन आली की बाबांचा पीसी आपोआप सुरू होत नसे. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी येणाऱ्या निळ्या पडद्यावर, वीज परतल्यावर यंत्र चालू व्हावं अशी सोय बऱ्याच पीसींत असते. तिथे दूरून पोचता येत नाही. विंडोज अजून उठलेलंच नसतं, तर आपण दिसणार कशात? ते काम आईने केलं, मी व्हिडिओ कॉलवर. एफ२ कितीदा दाबायचं यावरून थोडी बाचाबाची झाली, पण झालं.

आता खरी गंमत अक्षरांची. उबुंटूवर मी मराठी कीबोर्ड चालू केला, इन्स्क्रिप्ट. ही मांडणी सरकारी प्रमाण आहे, १९८६ पासूनची, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. क च्या जागी क, र साठी जे, हलन्तासाठी डी. मला ती कॉलेजपासून येते. पण मिरजेच्या पडद्यावर काही उमटेना. रूममेटने तिच्या पद्धतीने समजावलं. दूरच्या कॉम्प्युटरला दोन तऱ्हांनी टायपिंग पाठवता येतं. एक, 'मी कुठली कळ दाबली' हे सांगायचं. दोन, 'माझ्याकडे कुठलं अक्षर तयार झालं' हे सांगायचं. बाबांचं पॅकेज कळ पकडून स्वतः अक्षर घडवणारं. त्याला मी घडवलेला युनिकोडचा 'क' दिला तर ते म्हणणार, ही काय वस्तू आहे? तेव्हा नियम ठरला. माझ्या बाजूला साधा इंग्रजी कीबोर्ड, मराठी फक्त तिकडे. दोन्हीकडे मराठी चालू म्हणजे एका ओट्यावर दोन सुगरणी.

विंडोज ते विंडोज किंवा मॅक ते विंडोज जोडणाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल. मॅकवर मायक्रोसॉफ्टचं जे ॲप आहे, २०२४ पासून त्याचं नाव 'विंडोज ॲप' झालंय, त्यात कीबोर्डसाठी 'स्कॅनकोड' आणि 'युनिकोड' असे दोन पर्याय असतात. मराठी विचित्र उमटायला लागली की आधी तिथे बघा.

आणि मग 'कुऱ्हाडे' आले. मिरजेजवळच्या गावातलं लग्न, वधूपक्षाचं आडनाव कुऱ्हाडे. यातला तो 'ऱ्ह', मराठी माणसाला सहज, कॉम्प्युटरला अवघड. रफार चालत नाही, 'कुर्हाडे' वाचायला कसं वाटतं बघा. ऱ साठी शिफ्ट धरून जे, मग हलन्त, मग ह. मी शिफ्ट-जे दाबलं की तिकडे मेनू उघडायचा. क दाबला तरी मेनू. अर्धा तास गेला. रूममेट म्हणाली, ऑल्ट अडकलीय. मी व्हॉट्सॲपवरचा मजकूर बघायला ऑल्ट-टॅब करून खिडकी बदलत होते. ऑल्ट दाबल्याचं मिरजेला कळायचं, पण तोवर मी दुसऱ्या खिडकीत गेलेली, त्यामुळे सोडल्याचं कळायचंच नाही. मिरजेचा कॉम्प्युटर समजत राहायचा, बाईंनी ऑल्ट धरून ठेवलीय. हे जवळजवळ सगळ्याच रिमोट साधनांत होतं. उपाय एका सेकंदाचा. "आई, डावीकडची ऑल्ट एकदा दाबून सोड." तिने सोडली आणि कुऱ्हाडे उमटले. त्यानंतर आईचा त्या कळीवर जीव जडला. प्रिंटर अडला, नेट गेलं, काहीही झालं की विचारायची, "ऑल्ट दाबू का?"

वेग हा एक प्रश्न. माझ्याकडे नोएडात नेट जोरात, तरी चित्र अडखळत यायचं. इथे आपली गल्लत होते. आपण डाउनलोडचा वेग बघतो, पण पडद्याचं चित्र तिकडून निघतं, म्हणून तिकडचा अपलोड महत्त्वाचा. आमच्याकडे तो यथातथाच. मग डेस्कटॉपवरचा गणपती काढून साधा काळा रंग ठेवला, कारण प्रत्येक खिडकी हलली की गणपतीही नव्याने पाठवावा लागायचा. बाबांना हे आवडलं नाही. गणपतीची छापील तसबीर मॉनिटरच्या वर भिंतीवर गेली. बाबांचा मॉनिटर जुना चौकोनी, माझा लॅपटॉप आडवा लांबट. 'स्केल टू फिट' केलं की सगळं मावतं, पण अनुस्वार आणि धूळ यांतला फरक कळत नाही. म्हणून तपासणी बाबांकडे. प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून ते मॉनिटरसमोर बसत आणि मी बाण हलवला की सूचना देत. "'चि. सौ. कां.' मधला कां वर अनुस्वार आहे का बघ. 'श्रीकृपेकरून' एकत्र. वराच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' आहे का ते विचारून घे, मागच्या पत्रिकेत होते ते हयात."

बीएला इंग्रजी घेतलं तेव्हा बाबांनी एकच वाक्य म्हटलं होतं, "म्हणजे छापखान्यात नाही येणार." त्यानंतर कंटेंट रायटिंग म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या अडीच महिन्यांत आम्ही दोघं एकाच पडद्याकडे बघत तासन्‌तास बोललो, आणि बोलणं सगळं वेलांटीबद्दल. एकदा मी 'आशीर्वाद'मधली शी दीर्घ केली, त्यांनी सांगायच्या आधी. फोनवर थोडी शांतता. मग, "बरोबर. पुढे चल." मुरलेल्या छापखानेवाल्याकडून हे पुष्कळ.

डिसेंबरात एका रविवारी मी चावडी बाजारला गेले. पिवळ्या लाइनच्या मेट्रोने उतरलं की वर येताच लग्नपत्रिकांची दुकानंच दुकानं. दिल्लीचा हा बाजार कागदासाठी आणि कार्डांसाठी प्रसिद्ध आहे. बाबांकडे येणारी कार्डं इथे ढिगाने पडलेली. एका दुकानात मागच्या बाजूला एक काका जुन्या पीसीवर हिंदी पत्रिका जुळवत होते, फॉन्ट कृतिदेव. तोही युनिकोडच्या आधीचा. मी विचारलं, नवं का घेत नाही? ते म्हणाले, "बिटिया, सारा माल तो इसी में पड़ा है." मला वाटलं मी मिरजेतच उभी आहे.

मधल्या काळात पुण्याच्या दादाने मदत करायचं ठरवलं. त्याच्याकडे मॅक. त्याचा पडदा मला बघायचा होता, तर फक्त त्याचा वॉलपेपर दिसे, खिडक्या गायब. मॅकमध्ये दुसऱ्याला पडदा दाखवायला 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची आणि माउस चालवू द्यायला 'ॲक्सेसिबिलिटी'ची, अशा दोन वेगळ्या परवानग्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये द्याव्या लागतात. एक दिली आणि दुसरी नाही, तर दिसतं पण हलत नाही. उलट त्याला माझं उबुंटू दाखवताना पडदा पूर्ण काळा. तिथे दोष वेलँडचा. ती उबुंटूची नवी पडदा-व्यवस्था, एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू देत नाही. सुरक्षेला चांगलं, आमच्या कामाला अडचण. माझ्या २२.०४ वर लॉगिनच्या पडद्यावर खाली दातेरी चाकाचं चिन्ह आहे, तिथे 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडलं की भागतं. दादाने तीन पत्रिका केल्या, चौथीला तो म्हणाला, "मला 'स्वाहा'ची आणि 'स्वागतोत्सुक'ची जागा कळत नाही." पत्रिकेत स्वाहा कुठे असतं, कोण जाणे.

आता एक गंभीर गोष्ट, आणि ही घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा. ज्या सोयीने मी घरात शिरले, त्याच सोयीने चोरही शिरतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. फोन येतो, केवायसी अडकलंय, हे ॲप टाका, पडद्यावरचा नंबर सांगा. नंबर सांगितला की तुमचा फोन त्यांच्या हातात, ओटीपीसुद्धा त्यांनाच दिसतो. आमच्याकडे जानेवारीत असा फोन आला. आईला तोवर कोड द्यायची सवय झालेली, आणि मला नेमकी तीच भीती होती. समोरचा माणूस म्हणाला, पडद्यावरचे आकडे सांगा. आईने विचारलं, "आज जेवायला काय केलं होतंस?" मी जोडणी मागितली की ती आधी हेच विचारते, मी काय खाल्लं हे कळल्याशिवाय एक आकडा सांगत नाही. त्या माणसाला उत्तर देता आलं नाही आणि आईने फोन ठेवला. तुमच्याकडे वेळेवर कळलं नाही आणि पैसे गेले, तर ताबडतोब १९३० या नंबरवर तक्रार करा. पहिला तास फार मोलाचा.

बाबांचं प्लॅस्टर निघालं. हाताचा व्यायाम चालू आहे, 'शिफ्ट' धरताना करंगळी अजून दुखते म्हणतात, म्हणून जोडाक्षरं जास्त असली की फोन येतो. विंडोज १० ची मोफत अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आम्ही वर्षभराच्या जादा सुरक्षा अपडेटांसाठी नाव नोंदवलंय. तोवर जुन्या पत्रिका एकेक करून युनिकोडमध्ये आणायच्या. रविवारी दोन होतात, फार तर तीन. रूपांतर करणारं साधन 'ऱ्ह' आला की हटकून चुकतं, तिथे हाताने दुरुस्ती. कुऱ्हाड्यांकडे अजून एक मुलगी लग्नाची आहे, तेव्हा त्यांची आधी केली. डोंगल मात्र आहे त्याच पोर्टमध्ये. आईने त्यावर सेलोटेप लावलीय, झाडताना धक्का लागून निघायला नको म्हणून.